दम नेमका जातो कुठे?

मला सायकल चालवता येत होती, झेपत नव्हती. शाळेत असताना लेडीज सायकलवरून पंचवटीतून रोज गावात यायचे, त्यामुळे तोल, वळणं, रहदारी यांची भीती कधीच नव्हती. पण पंचेचाळिशी ओलांडल्यावर हौसेनं घेतलेली एकवीस गिअरची सायकल काढून गंगापूर धरणाकडे निघाले, की सोमेश्वर येईतो छाती भरून यायची, मांड्या पेटायच्या आणि साठी उलटलेले कुणीतरी काका गाणं गुणगुणत पुढे निघून जायचे. "सवय होईल हो," असं सगळेच सांगत. काही महिने गेले. सवय झाली ती धापा टाकण्याची.

त्यात गाव नाशिक. 2015 साली इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही जवळपास 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली, आणि तेव्हापासून तर इथे दर दुसऱ्या सोसायटीत एक सायकलवाला निघतो. रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला उभं राहून बघा. अशा गावात दहा-बारा किलोमीटरवर थांबून पाण्याची बाटली तोंडाला लावणाऱ्या बाईनं "मला फार दम लागतो" म्हणायचं, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी हसूच येतं. नवरा म्हणाला, "अगं, मग दे ना सोडून. चालायला जात जा." सायकल बाल्कनीत गेली की तिच्यावर टॉवेल वाळत पडणार, हे मला माहीत होतं.

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. ताळा जुळला नाही की आम्ही रडत बसत नाही. एकेक नोंद तपासत जातो. दमाचंही तसंच करायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, रस्ता तोच ठेवायचा, आणि फरक पडतो का ते बघायचं.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक छोटा उतार आहे. वरच्या विजेच्या खांबापाशी एक पाय टेकून उभं राहायचं, ब्रेक सोडायचा आणि पायडल अजिबात न मारता सायकल आपसूक जिथे थांबेल तिथे खडूनं खूण करायची. पहाटे वारा नसताना. वॉचमन दोन दिवस संशयानं बघत होता, तिसऱ्या दिवशी खडू तोच आणून द्यायला लागला. माझी पहिली खूण इस्त्रीवाल्याच्या टपरीच्या बरीच अलीकडे पडली. म्हणजे पाय न हलवताही माझी सायकल कुठेतरी अडत होती. हे कळल्यावर फार बरं वाटलं. सगळा दोष माझ्या फुफ्फुसांचा नव्हता.

पहिली नोंद हवेची. पंक्चरच्या दुकानातला मुलगा टायर अंगठ्यानं दाबून "फुल आहे मॅडम" म्हणायचा. शेवटी काटा असलेला उभा पंप आणला आणि लावून पाहिला, तर काटा 22 पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप). टायरच्या कडेला छापलेलं होतं, 40 ते 65. सायकलच्या ट्यूबमधून हवा रोज थोडी थोडी झिरपतच असते, पंक्चर असो-नसो. दोन-तीन आठवडे भरली नाही, की टायर वजनाखाली बसतो आणि फिरताना दबत-फुगत राहतो. त्या दबण्या-फुगण्यात जी शक्ती जाते ती आपल्याच मांड्यांतली. माझं वजन तेव्हा 72 किलो. मागे 55, पुढे 50 भरली आणि खूण थेट टपरीच्या दारात गेली. मग हाव सुटली म्हणून पूर्ण 65 भरून पाहिली. गुळगुळीत डांबरावर मजा आली, पण आमच्या भागातल्या चरांवरून आणि खड्ड्यांतून जाताना दातांवर दात आपटायला लागले, आणि त्या हादऱ्यांनी खांदे आधी दमले. परत 55-50 वर आले. पावसाळ्यात त्याहूनही थोडी कमी ठेवते, ओल्या रस्त्यावर पकड बरी राहते.

हवेनंतर चाक. सायकल उलटी करून मागचं चाक हातानं फिरवलं तर दोन फेऱ्यांत थांबलं. जुन्या नाशकात एक म्हातारे चाचा सायकली दुरुस्त करतात, त्यांच्याकडे नेली. त्यांनी नुसतं चाक फिरवून कान लावला. "आउट आलाय ताई. फेरीला एकदा ब्रेक घासतोय. हबमध्येही छर्रे कोरडे पडलेत." आउट म्हणजे चाक वाकडं फिरणं. आजवर ब्रेक लावून पायडल मारत असल्यासारखंच माझं चाललं होतं तर. त्यांनी तारा आवळत-सैल करत आउट काढला, छर्रे धुऊन नवं ग्रीस भरलं, ब्रेकचे रबर रिमपासून दोन्हीकडे सारखे अंतरावर बसवले. चेनवर तेलाचं आणि धुळीचं मिळून काळं पीठ जमलं होतं. मी आवाज आला की वरून तेल ओतायचे; चाचांनी ती बाटली काढूनच घेतली. आधी चेन डिझेलनं धुऊन कोरडी करायची, मग एकेका कडीवर एकेक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, आणि शेवटी फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. तेल आत हवं, बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं.

टायरही तिथेच बदलले. माझ्या सायकलला जाड गाठींचे, डोंगरात चालवायचे टायर होते. दिसायला रुबाबदार, डांबरावर मात घूं-घूं आवाज करत जायचे. त्याच 26 इंची रिमवर दीड इंच रुंदीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर बसतात. जोडीला दीड-दोन हजार रुपये गेले. मला विचाराल तर शहरातल्या आणि हायवेवरच्या सायकलवर खर्च करण्यासारखी ही पहिली आणि कदाचित एकमेव वस्तू आहे. पुढचा शॉकअपही शोभेचाच निघाला. जोरात पायडल मारलं की तो खाली-वर होतो आणि पुढे जाण्याऐवजी आपण जागेवर उठाबशा काढतो. तो बदलण्याचा खर्च मात्र पटला नाही, तसाच ठेवला.

आता मुख्य गोष्ट. सीट.

थांबल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, अशी माझी पक्की समजूत होती. लहानपणी वडिलांनीच शिकवलेलं. त्यामुळे सीट इतकी खाली, की पायडल वर आलं की गुडघा पोटाजवळ यायचा आणि खाली गेलं तरी पाय वाकलेलाच राहायचा. अर्ध्या उठाबशीत कुणी तास-दीड तास काढू शकतं का? गुडघ्याची वाटी पुढून दुखायची, तीही यामुळेच. मांडीचा मोठा स्नायू पूर्ण ताणलाच जात नव्हता, आणि पार्श्वभागाचे स्नायू, जे खरे ताकदीचे, ते तर कामाला लागतच नव्हते.

उंची काढायची घरगुती रीत सोपी आहे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल तळाला न्यायचं. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. आकड्याचीही रीत आहे. भिंतीला पाठ लावून, अनवाणी उभं राहून, दोन पायांत एक जाड वही वर घट्ट दाबून धरायची आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं. त्याला 0.883 नं गुणायचं. माझं माप 74 सेंटिमीटर, म्हणजे 65.3. पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत, पाइपच्या रेषेत, एवढं अंतर हवं. माझं होतं 58!

सात सेंटिमीटर एकदम वर केले असते तर पडलेच असते. दर आठवड्याला एक-एक सेंटिमीटर चढवत गेले. अवघड भाग चालवण्याचा नव्हता, थांबण्याचा होता. सिग्नलला सीटवर बसून पाय टेकणं आता शक्य नव्हतं. थांबताना सीटवरून पुढे सरकून दांडीवर येऊन एक पाय खाली टेकायचा, आणि निघताना एक पायडल वर घेऊन, त्यावर उभं राहून, मग मागे बसायचं. पहाटे रिकाम्या मैदानावर जाऊन हे घटवलं. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. सीटच्या पाइपवर एक खूण कोरलेली असते, तिच्या वर पाइप काढायचा नाही, नाहीतर तो मोडू शकतो. आणि कंबर डावी-उजवी डुलायला लागली किंवा गुडघा मागच्या बाजूनं दुखायला लागला, तर उंची जास्त झाली असं समजायचं. मी 64.5 वर थांबले. तिथे बरं वाटलं. सूत्राला काय माझे पाय माहीत आहेत?

बसायच्या दुखण्यावर मी एक गुबगुबीत, रुंद जेलची सीट घेतली होती. तीही काढली. आपलं वजन खुब्याखालच्या दोन बसण्याच्या हाडांवर यायला हवं. फार मऊ सीटमध्ये ती हाडं रुततात आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो, शिवाय रुंद कडा मांड्यांना घासतात. मध्यम कडक, मधे खाच असलेली सीट आणि आत पॅड असलेली सायकलची शॉर्ट, यानं माझं काम झालं. ही शॉर्ट नुसती घालायची असते, आत दुसरं काही नाही. हे कुणी बाई दुसऱ्या बाईला मोकळेपणानं सांगत नाही, म्हणून इथे लिहून टाकते. वरून मी सैल कुर्ताच घालते.

गिअरचं प्रकरण मनाचं जास्त होतं. गिअर जड तितका व्यायाम जास्त, हलका गिअर म्हणजे फसवणूक, असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं. एकवीसपैकी मी दोन-तीनच वापरायचे आणि प्रत्येक पायडल दाबून दाबून मारायचे. माझ्या सायकलला पुढे 42, 34 आणि 24 दात्यांच्या तीन चकत्या आहेत, मागे 14 ते 28 दात्यांच्या सात. पुढे 42 आणि मागे 14 असलं, की पायडलच्या एका फेरीत मागचं चाक तीन फेऱ्या घेतं, म्हणजे सुमारे 6 मीटर. पुढे 24, मागे 28 असलं तर जेमतेम पावणेदोन मीटर. चढावर एका फेरीत 6 मीटर ओढायचा हट्ट धरला तर स्नायूंना प्रत्येक वेळी मोठा जोर लावावा लागतो, आणि मोठा जोर लावणारे स्नायू लवकर थकतात. तेच अंतर छोट्या, हलक्या फेऱ्यांत कापलं तर भार हृदयावर आणि श्वासावर जातो. ते तासन्‌तास काम करू शकतात.

पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजून चारनं गुणलं. मिनिटाला 52 फेऱ्या. सरावलेले लोक 80-90 वर असतात. मी 75 वर यायचं ठरवलं. सुरुवातीला फारच विचित्र वाटलं, पाय पुढे पळतायत आणि सायकल मागे राहतेय असं. सीटवर उडायलाही व्हायचं. खांदे सैल सोडले, पायडलवर दाबण्याऐवजी पाय गोल फिरवण्याकडे लक्ष दिलं, तेव्हा हळूहळू बसलं. आता सपाटीला माझा नेहमीचा गिअर पुढे 34, मागे 18. 75 फेऱ्यांना ताशी 17 किलोमीटर होतात, आणि शेजारच्या मैत्रिणीशी सासूबाईंच्या मोतीबिंदूवर सविस्तर बोलता येतं. चढ दिसला की तो लागण्याआधीच गिअर उतरवायचा. चढावर अर्ध्यात, पूर्ण जोर असताना बदलायला गेलं की चेन कडकड करते, कधी निसटतेही.

एवढं सगळं झालं. उतारावरची खूण टपरी ओलांडून पार किराणा दुकानापर्यंत गेली, गुडघा थांबला, सोमेश्वर सहज पार होऊन गिरणारे गाठता यायला लागलं. पण छोट्याशा चढावरही श्वास तुटायचा, आणि सपाटीला मात्र पाय ठीक. हा ताळा काही जुळेना. घरी जिने चढतानाही तसंच होतंय, हे तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं. आमच्या फॅमिली डॉक्टरबाईंनी खालच्या पापणीचा आतला भाग ओढून पाहिला आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 9.6. बायकांमध्ये 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारंच कमी, तर मांड्यांना पोचणार काय? पाळी जायच्या आधीच्या वर्षांत माझा रक्तस्राव बराच वाढला होता, आणि "या वयात होतंच" म्हणून तो मी अंगावर काढत होते. त्यावर वेगळे उपचार झाले. लोहाच्या गोळ्या काही महिने घेतल्या. लिंबूपाण्याबरोबर, आणि त्याच्या आगेमागे तासभर चहा नाही, कारण चहा लोह शोषू देत नाही. चहाची ती अट मला चढापेक्षा कठीण गेली. आकडा 12 च्या वर गेला, तेव्हा कॉलनीचा उतार मी पहिल्यांदा उलट दिशेनं, चढ म्हणून, बोलत बोलत चढले.

हे मी ठासून सांगते, कारण चाळिशीतल्या किती तरी बायका "माझा स्टॅमिनाच नाही" म्हणून सायकल विकून टाकतात. शंभर-दीडशे रुपयांची तपासणी आहे, आधी करून घ्या. मी ती शेवटी केली, तुम्ही पहिली करा. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर टायर-बियर बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे.

मग उरला वेग आणि वारा. आमच्या रविवारच्या गटात निघताना सगळे ताजेतवाने असतात, पहिली पाच किलोमीटर भन्नाट जातात आणि मी तिथेच संपायचे. हवा भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. ताशी 18 वरून 22 वर गेलं तर वेग चार किलोमीटरनंच वाढतो, पण हवेसाठीची शक्ती पावणेदोनपटीहून जास्त लागते. त्या चार किलोमीटरसाठी मी अख्खी सकाळ खर्चत होते. आता पहिली पंधरा मिनिटं मी मुद्दाम मागे राहते. पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता येतंय का, एवढंच बघते. येत नसेल तर वेग कमी. मुलं हसतात, हसू देत.

त्र्यंबक रोडचं एक गुपित मला फार उशिरा कळलं. सातपूर सोडलं की महिरावणी, अंजनेरी करत रस्ता जवळपास सपाट दिसतो, पण तो सतत, डोळ्याला न कळेल असा चढतो. त्र्यंबकेश्वर नाशिकपेक्षा शंभर मीटरहून जास्त उंचावर आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो तो वेगळाच. म्हणजे जाताना चढ आणि वारा दोन्ही अंगावर. "सपाटीला इतका दम कसा लागतो" म्हणून जे स्वतःला दोष देतात, त्यांनी येताना आपली सायकल कशी पळते ते बघावं. समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा असेल तेव्हा मी वेगाचा आकडा बघतच नाही. एक गिअर हलका, कोपरं वाकवलेली, फेऱ्या त्याच. दणकट कुणी पुढे असेल तर त्याच्या मागे सुरक्षित अंतरावर चिकटते, वारा बराच कमी लागतो. निघण्याआधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर, आणि तासाभरापेक्षा मोठी चक्कर असेल तर बाटलीत लिंबू, मीठ, साखर. उपाशीपोटी निघून मिसळीच्या भरवशावर त्र्यंबक गाठणाऱ्यांना पेगलवाडीच्या आसपास काय होतं, ते मी पाहिलंय. मिसळ परतल्यावर, पापड आणि दह्यासकट. त्यावर माझा वाद नाही.

माझ्या दिरांचं म्हणणं, एवढी खटपट करण्यापेक्षा लाखाची, वजनाला हलकी कार्बनची सायकल घ्यायची होती. हिशेब करून दाखवला. मी, सायकल, बाटली, पंप मिळून साधारण 90 किलो. सायकल 5 किलोनं हलकी झाली तर चढावरचं ओझं साडेपाच टक्क्यांनी कमी होईल, सपाटीवर जवळपास काहीच नाही. मऊ टायर, घासणारा ब्रेक आणि बुटकी सीट लाखाच्या सायकललाही असू शकते. त्यांच्याच सायकलची सीट मी गेल्या दिवाळीत चार बोटं वर करून दिली. तेव्हापासून ते या विषयावर बोलत नाहीत.

पेठ रोडचा सावळघाट अजून माझ्याच्यानं होत नाही. पुढे 24 आणि मागे 28 लावूनही तिथे फेऱ्या 50 च्या खाली येतात आणि मी उतरून सायकल ढकलते. चाचांना विचारलं, तर मागे 34 दात्यांची मोठी चकती असलेला फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) बसतो म्हणाले, पण चेन दोन-चार कड्यांनी लांब करावी लागेल आणि मागचा डिरेल्यूर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, तेवढी चेन ओढून धरतो का ते आधी तपासावं लागेल. माल मागवलाय. तो येईपर्यंत गिरणारे-दुगाव.